सोफ्यावरचे तीळ

११ जानेवारी, रविवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. चौतीस वर्षं सरकारी बियाणे प्रयोगशाळेत होतो. रोज संध्याकाळी रजिस्टर भरायचो, त्यामुळे ती चौतीस वर्षं कुठे गेली ते नेमकं सांगता येतं. रिटायर झाल्यानंतरची दोन वर्षं मात्र कुठे गेली, पत्ता नाही.

संकल्प: रोज पाच हजार पावलं. साखर बंद. चिडायचं नाही. आणि मांजराचा प्रश्न निकालात काढायचा.

मांजर आमच्या रेणूचं. एकुलती एक लेक. ऑक्टोबरात कंपनीनं तिला बंगळूरला टाकलं, तेव्हा पंधरा दिवस बघा पप्पा, असं म्हणून आमच्या नल्लकुंट्याच्या घरी सोडून गेली. तीन महिने झाले. नाव खुबानी, म्हणजे जर्दाळू. रंगावरून ठेवलंय म्हणे.

काल तिचा फोन आला. ८ फेब्रुवारीला येऊन मांजर नेणार. तिच्यासोबत राहणारी प्राजक्ता नावाची मुलगी तयार झाली आहे, पण अट घातली आहे. डॉक्टरचं पत्र हवं: जंत नाहीत, पिसवा नाहीत. ८ तारखेला पत्र नसेल तर प्राजक्ता नाही म्हणणार आणि मांजर कायमचं आमच्याकडे.

मी म्हटलं, पत्र मिळालं असं समज. मनात म्हटलं, सुटलो. मला मांजराचं काही नाही. माझा मरून स्वेटर नोव्हेंबरपासून त्यानं अंथरूण केलाय, मी एक शब्द बोललेलो नाही.

१२ जानेवारी, सोमवार. दुपारी ३

पावलं: आठशे. वारा होता.

मांजराची प्राथमिक तपासणी केली. तब्येत उत्तम. दिवसातून पाच वेळा खातं आणि तरी अंगावर मांस धरत नाही. याला म्हणतात पचनशक्ती. शिवाय व्यायाम करतं. पुढचे पाय रोवून, मागची बाजू सतरंजीवर घासत, बैठकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकतं. आज तीनदा. कुणी शिकवलं नाही.

बायकोला, उषाला, हे बरं दिसत नाही म्हणे. ती बीदरकडची, घरी दावणीला म्हशी असणाऱ्यांपैकी. तिला प्रत्येक जनावर आजारी वाटतं. मी तिला म्हटलं, या वयात तुझ्याच्यानं होईल का असं सरकणं. त्यानंतर चहा मिळाला नाही.

घोट्याला खाज. मोज्याचं इलॅस्टिक.

१३ जानेवारी, मंगळवार. भोगी. दुपारी १२.२०

उषाच्या निष्काळजीपणाचा पुरावा सापडला. सोफ्यावर, मांजर झोपतं त्या उशीवर, सात तीळ. सकाळी भोगीच्या भाकरीला तीळ लावले, तेच हात घेऊन ही बाई घरभर फिरली. तिला दाखवले. ती म्हणाली, मी सोफ्याकडे फिरकले पण नाही आज.

वाद घालण्यापेक्षा तपासणी बरी. कपाटातून भिंग आणि चिमटा काढला. हात शिवशिवले, खोटं कशाला बोलू. सातही दाणे पांढरे, जरा चपटे, दोन काकडीच्या बीसारखे लांबट. भेसळ असावी. एक किंचित हलल्यासारखा वाटला. पंखा बंद केला.

बियाण्याचा माणूस शेवटी दातावर विश्वास ठेवतो. एक दाणा दाताखाली धरला. चांगला तीळ खुटकन वाजतो. हा वाजला नाही. ओल जास्त. जुना माल.

उरलेले सहा ओल्या टिपकागदावर उगवणीला ठेवले. बशीवर तारीख आणि सही.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत. संध्याकाळी ५

तिळगूळ घेतला. साखर बंद आहे, पण हा गूळ.

उगवण: शून्य. अजून वेळ आहे. आभाळभर पतंग. मांजर खिडकीत बसून प्रत्येक पतंगाकडे बघून दात वाजवत होतं. उषा म्हणाली, लेकरं दात खातात ते जंतानं. आमच्याकडे कुणी दात खाल्ले की वावडिंगाचा काढा, कुणी गोड जास्त खाल्लं की वावडिंगाचा काढा. मी समजावलं की हे मांजर आहे, बालवाडी नव्हे. तरी तिनं काढा केला. मांजरानं वास घेऊन बशीवर माती टाकल्याचा अभिनय केला. माझ्या प्रयोगशाळेत अशी समज असलेले दोनच लोक होते.

१७ जानेवारी, शनिवार. दुपारी २

उगवण चौथ्या दिवशीही शून्य टक्के. सहापैकी सहा मृत. दाणे वाळून पिवळट पडले. तांदळाच्या कण्यांसारखे दिसतात.

कागद घेऊन तडक सुलतान बाजार. लक्ष्मणरावांचं किराणा दुकान, तीस वर्षांची ओळख. संक्रांतीचं सामान तिथूनच येतं. गिऱ्हाइकांसमोर निकाल वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे विचारलं की उषाताई तीळ भाजतात का. मी म्हटलं, अर्थात भाजतात.

“मग भाजलेले तीळ उगवतेत व्हय, एकनाथराव? लाइट घ्या, मनाला लावून घेऊ नका.”

सगळं दुकान हसलं. हा मुद्दा माझ्या लक्षात नव्हता असं नाही. मी तो पुढच्या टप्प्यासाठी ठेवला होता. परत येताना बस चुकवली आणि चालत निघालो. काचीगुड्यापर्यंत आलो, मग ऑटो. पावलं: तीन हजार चारशे. म्हणजे दिवस वाया गेला नाही.

१९ जानेवारी, सोमवार. सकाळी ११.४५

विद्यानगरच्या जनावरांच्या दवाखान्यात जाऊन आलो. हेतू एकच, पत्र. डॉक्टर प्रियदर्शिनी. आपल्याकडचीच मुलगी, आजोबा परभणीचे. वय तीस असेल. मला अंकल म्हणाली.

मांजर टेबलावर घेतलं, पोट दाबलं, हिरड्या पाहिल्या, शेपूट वर केली. मग चिमट्यानं शेपटीखालून एक पांढरा दाणा उचलला. मी तिला सांगितलं की काळजीचं कारण नाही, तो तीळ आहे, आमच्याकडे संक्रांतीचं फार चालतं. खिशातून उगवणीचा रिपोर्टही दाखवला. तिनं तो पूर्ण वाचला. मग दाणा काचेवर ठेवला आणि मला वाकून बघायला लावलं. दाणा आखडला, लांब झाला, परत आखडला.

“अंकल, हे तीळ नाहीत. टेपवर्मचे तुकडे आहेत. आत लांब फीत असते, तिचे मणी तुटून असे बाहेर पडतेत.”

म्हणजे पट्टकृमी. मागची बाजू घासणं खाजेमुळे. सारखं खाऊन वाळणं त्यामुळेच. मी म्हटलं, हा संशय मला १२ तारखेपासून होता.

जाता जाता सहज विचारलं की एखाद्या ओळखीच्या माणसानं चुकून असा दाणा दाताखाली धरला तर काय होतं. ती म्हणाली, काही नाही. हा जंत पिसवेतून येतो. मांजर अंग चाटताना पिसू गिळतं तेव्हा. त्या ओळखीच्या माणसाला म्हणावं टेन्शन नक्को, गुळण्या करा.

घरी येऊन गुळण्या केल्या. अकरा वेळा.

आमच्या घरात पिसवा असण्याचा प्रश्नच नाही, हेही तिला स्पष्ट सांगून आलो. ती माझ्या घोट्यांकडे बघत होती. आजकालच्या पोरींना मोजे माहीत नाहीत.

त्याच दिवशी, दुपारी ४

औषध वजनावर. मी एकटा: ७१.४. मांजरासकट: ७५.२. पुन्हा मी: ७१.९. काटा मोडका. दवाखान्यात ३.६ भरलं होतं, तेच धरलं. अर्धी गोळी. तिनं दोन गोळ्या दिल्या, म्हणजे चार अर्ध्या. लागेल एकच, म्हणाली, बाकीच्या सांडतील म्हणून. हे मला अपमानास्पद वाटलं.

टॉवेलात गुंडाळलं. जबडा उघडला. गोळी जिभेच्या मुळाशी. तोंड बंद करून गळा चोळला. बारा सेकंद. मांजर ओठ चाटून रुबाबात सोफ्यामागे विश्रांतीला गेलं. उषाला म्हटलं, बघ, हे पद्धतीचं काम. रेणूला मेसेज केला: मोहीम फत्ते.

२१ जानेवारी, बुधवार. सकाळी ८

उशीवर चार दाणे. हलतात.

डॉक्टरला फोन. गोळी पोटात गेली का, हा तिचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, माझ्या डोळ्यांदेखत. तिनं तरी दुसरी अर्धी द्या म्हणून सांगितलं. गोळीच्या कंपनीबद्दल मला शंका आहे.

८.४०. खिम्यात लपवून दिली. खिमा फस्त. हे बुद्धीचं काम.

८.४४. तोंडाला फेस. मांजर खोलीभर फेस उडवत फिरतंय. रेबीज. दार लावून बाथरूममध्ये बसून हे लिहितोय. उषाला बाहेरून सांगितलं की तूही कुठेतरी बस.

९.३०. डॉक्टर म्हणते, गोळी कडू आहे, म्हणून लाळ. रेबीज नाही. बाथरूममध्ये बसून सुमारे साठ पावलं झाली, ती धरत नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार. दुपारी १

पाच दाणे. तिसरी अर्धी पेढ्यात. पेढा साखरेचा, पण मी खाल्लेला नाही. अर्धाच खाल्ला. खुबानीनं उरलेला खाल्ला. यशस्वी.

आता दर तासाला शेपूट तपासतो. ती पहिल्यांदा फिस्कारली, आता मला बघितलं की स्वतःच पाठ करून उभी राहते. इतकं सहकार्य मला खात्यात कधी मिळालं नाही. उरलेल्या वेळात काय करावं सुचत नाही. तीनदा गॅलरीत, तीनदा परत. उषा म्हणाली, बसा हो एका जागी. बसलो. उठलो.

२४ जानेवारी, शनिवार. संध्याकाळी ६

उद्या रथसप्तमी. उषाचं हळदीकुंकू उद्याच. पंचवीस बायका येणार म्हणून सोफा सरकवला.

सोफ्यामागे भिंतीशी दोन अर्ध्या गोळ्या. एकीला खिमा लागलेला. तिसरी माझ्या मरून स्वेटरच्या बाहीत, पेढ्यासकट.

उषा पुढे झाली. पदर खोचला, खाली मांडी घातली, खुबानीला गुडघ्यांत धरलं, वासरांना पाजायची तसा एका हातानं जबडा वर केला. शेवटची अर्धी गोळी आत. नाकावर हलकी फुंकर. गिळल्याचं मला दिसलं. मग तोंड उघडून बघितलं, रिकामं. वरून दोन चमचे कोमट पाणी पिचकारीनं.

माझ्या देखरेखीखाली हे काम व्यवस्थित पार पडलं.

२५ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ७

पंचवीस बायकांसमोर मला एक रोग लपवायचा होता. तो मी लपवला, पण आभार कुणी मानले नाहीत.

उषानं मला पावलं पूर्ण करायला बाहेर पाठवलं होतं. कोपऱ्यापर्यंत गेलो. मग मनात आलं, सोफ्यावर बायका बसणार. एखादीच्या साडीला एक तुकडा चिकटला तर? बरकतपुऱ्यापर्यंत बोभाटा. परत आलो. दारातूनच दिसलं, सोफ्यावर पांढरे दाणे. सतरंजीवर दाणे. एका बाईंच्या मांडीवर दोन.

लिफाफा आणि चिमटा घेऊन खाली बसलो. कुणाला न कळू देता, पायांमधून वाट काढत एकेक वेचला. मांडीवरचे दोन राहिले होते. चिमटा पुढे केला तेवढ्यात मागून उषा.

“अहो, काय शोधायलात बायकांच्या पायापाशी?”

सगळ्या माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, चष्म्याचा स्क्रू. चष्मा नाकावर होता. मांडीवर दाणे असलेल्या बाई उठून दुसरीकडे बसल्या.

जमा: त्रेचाळीस. इतका प्रादुर्भाव मी कापसावरही पाहिलेला नाही.

२७ जानेवारी, मंगळवार. दुपारी १२

लिफाफा डॉक्टरपुढे ओतला. तिनं एकेक करत बघितले. काल २६ जानेवारीची सुट्टी होती, म्हणून आज गेलो.

त्रेचाळीसपैकी त्रेचाळीस तीळ. भाजलेले. काहींना गूळ लागलेला. लाडू खाताना सांडलेले, दुसरं काय.

खुबानीच्या शेपटीखाली मात्र काही नाही. पण पिसवा असल्या तर जंत परत येणार, म्हणाली. मी परत म्हटलं, आमच्या घरात नाहीत. तिनं बारीक दातांच्या फणीनं खुबानीची पाठ विंचरली, निघालेली काळी भुकटी माझ्याकडून मागून घेतलेल्या कागदावर झटकली आणि त्यावर पाणी शिंपडलं. कागद म्हणजे माझा उगवणीचा टिपकागद. भुकटीभोवती तांबडे डाग पसरले. पिसवांची विष्ठा, म्हणजे प्यायलेलं रक्त.

मग तिनं माझ्या घोट्यांवरचे ठिपके मोजले. मोजे निर्दोष आहेत.

मानेवर थेंबांचं औषध तिनंच लावलं. मांजराचंच आणा, कुत्र्याचं चालत नाही, घातक असतं, हे दोनदा बजावलं. मांजर जिथे झोपतं ते सगळं गरम पाण्यात धुवायचं. पुढच्या आठवड्यात शीचा नमुना. स्वच्छ आला तर पत्र.

मी विचारलं, घाई तर होत नाही ना? तीन महिने निरीक्षणाखाली ठेवलं तर? तिनं विचारलं, कशासाठी. मी म्हटलं, शास्त्रासाठी.

३० जानेवारी, शुक्रवार. सकाळी ९.१५

दाणे: शून्य. सहावा दिवस. घासणं बंद. खाणं तीन वेळांवर आलं. वजन ३.७.

हे सगळं जरा जास्तच लवकर होतंय असं माझं मत आहे.

उषानं उशा, अभ्रे, पडदे, सतरंजी सगळं उकळलं. स्वेटर मागितला. दिला नाही. लोकर आहे, गरम पाण्यात जाते. कारण तेवढंच. खुबानी त्यावर झोपली होती, हा भाग वेगळा.

रेणूचा फोन. बरी आहेस का विचारलं, तर हो म्हणाली. मग खुबानीला फोन दाखवा म्हणाली. दाखवला. पोरगी नुसती बघत बसली. ऑफिसातून आलं की घरात कुणी नसतं, प्राजक्ताची रात्रपाळी असते, हे उषानं मला नंतर सांगितलं. उषाला ह्या गोष्टी कळतात कशा कोण जाणे. मला रेणू फक्त खुशाली सांगते.

१ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ४

आज स्वेटर धुतला. स्वतः. बादलीत उकळतं पाणी, अर्धा तास. मला कुणी सांगितलं नाही. अंघोळीला गेलो, तो दिसला, धुतला.

पिळून वाळत घातला. चार वर्षांच्या मुलाला होईल एवढा झाला. उषा हसत बसली आणि मग हसायची थांबली. वाळल्यावर खुबानीनं वास घेतला, दोन फेऱ्या मारल्या आणि बरोबर त्याच्या मापात बसली.

पावलं मोजलेली नाहीत. चाललो बरंच, पण घरातल्या घरात.

५ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी १०

नमुना दिला. ताजा हवा होता, म्हणून सकाळी साडेपाचपासून रेतीच्या ट्रेसमोर स्टुलावर बसलो. ती आली, मला बघून गेली. परत आली, परत गेली. सव्वाआठला मी तोंड फिरवलं तेव्हा काम झालं. डबीवर नाव, तारीख, वेळ, सही.

वाटेत ऑटोवाल्यानं विचारलं, डब्बे में क्या है साब. मी म्हटलं, सँपल. दोन वर्षांनी हा शब्द परत म्हणताना बरं वाटलं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी २.३०

रिपोर्ट स्वच्छ. अंडी नाहीत, तुकडे नाहीत. अंगावर पिसू नाही. डॉक्टरनं तिथल्या तिथे पत्र लिहून दिलं, सही, शिक्का. अभिनंदन अंकल, म्हणाली. एका मांजरासाठी एवढं करणारे कमी असतात म्हणे. मी म्हटलं, मला मांजराचं काही नाही.

पत्र खिशात ठेवलं. तीनदा काढून वाचलं. शब्दरचना सदोष आहे. “सध्या” हा शब्द हवा होता.

७ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ११

रेणूचा फोन, गाडीत बसायच्या आधीचा आढावा. पत्राचं काय, पप्पा? मी म्हटलं, होतंय. हे खोटं नाही. जगात सगळंच होत असतं.

नवीन मुद्दे सुचले आहेत. प्रवासाचा ताण. बंगळूरची हवा. नव्या घरात पिसवा नसतील कशावरून? प्राजक्ताची तपासणी कुणी केली? हे सगळं रेणूला नीट समजावून सांगितलं तर मुलगी शहाणी आहे. एक महिना थांबेल. महिन्यानं प्राजक्ताचं मन बदललेलं असेल. मग कुणालाच दोष नाही.

११.३०. पत्र कालच्या शर्टात होतं. तो शर्ट उषानं भिजवला. पत्र आता धुतलेल्या शर्टाच्या खिशात आहे, घडी तशीच. मीच बदललं असणार. आठवत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ६.२०

रेणू सकाळच्या गाडीनं आली. वाळलीय. गालाची हाडं दिसतात. दारात चपला काढायच्या आधी खाली बसली. खुबानीनं लांबून बघितलं. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, विसरली. मग शेपूट उभी करून गेली आणि रेणूच्या मांडीवर चढून तिच्या हनुवटीला डोकं घासायला लागली. मी पेपर वाचत होतो.

जेवताना माझे मुद्दे मांडले. ताण, हवा, निरीक्षण. पिसवांची अंडी कशी महिनोन्‌महिने टिकतात तेही सांगितलं. उषा वाढत होती. माझ्या पानात तिनं काहीच टाकलं नाही, मी मागितलंही नाही. रेणूनं सगळं ऐकून घेतलं. हात थांबला तिचा.

“पत्र नसेल तर राहू दे, पप्पा. तुमच्याकडे खूश आहे ती. मी राहते तशीच.”

मग ती भाताला वरण लावत बसली. लावलेलंच परत परत.

पत्र खिशात होतं. दिलं. किराण्याची यादी समजून विसरलो होतो, असं सांगितलं. रेणूनं वाचलं, उष्ट्या हातानंच माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. शर्टाला वरणाचा डाग पडला. उषानं माझ्या पानात लोणचं वाढलं.

खुबानी माझ्याशिवाय बास्केटमध्ये शिरणार नाही, हे मी आधीच बजावून ठेवलं होतं. बास्केट उघडली. आत स्वेटर अंथरला. ती चालत गेली, दोन फेऱ्या मारल्या, बसली. मी फक्त झाकण लावलं. पुढची गोळी कधी, थेंब कधी, सगळं तारखांसकट लिहून दिलं. चार पानं झाली.

साडेचारला टॅक्सी गेली. मला मांजराचं काही नव्हतं, असं मी लिहीत आलो. मागची पानं चाळली. तसंच लिहिलंय.

९ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.०५

सुखरूप पोचल्या. मेसेज आला. फोटोत दोघी झोपलेल्या, म्हणजे काढला प्राजक्तानं. ही मुलगी वाटली तितकी वाईट नसावी.

आता पाच हजार पावलं. वेळच वेळ आहे. सोफा मोकळा, खिडकी मोकळी, दर तासाला काही बघायचं नाही.

७.४०. सोफ्यावर, उशीच्या शिवणीत, एक पांढरा दाणा.

७.४२. म्हणजे उपचार पूर्ण झालेला नाही. मी म्हणतच होतो. महिनाभर निरीक्षण हवं होतं. रेणूला फोन करावा लागेल. प्राजक्ताला कळवणं हे माझं कर्तव्य आहे. सकाळची गाडी किती वाजता, बघतो. मी स्वतः जाऊन खुबानीला घेऊन येईन, पोरीला त्रास नको. चप्पल घातली.

७.५०. भिंग. पांढरा, जरा चपटा. आकार जुळतो. उषा दारात उभी राहून बघतेय. हललेला नाही, पण हवा थंड आहे. थंडीत हलत नाहीत.

७.५५. पाण्याचा थेंब टाकला. फुगला नाही. अजून काही सिद्ध होत नाही.

८.००. शेवटी दाताखाली धरला.

खुटकन वाजला.